पेस्टलमॅट कागद: आफ्रिकेतील वन्यजीवांच्या चित्रांसाठी कितपत उपयोगी?

पेस्टलने, म्हणजे रंगाच्या कोरड्या, भुकटी सुटणाऱ्या कांड्यांनी आणि पेन्सिलींनी, प्राण्यांची चित्रे काढणाऱ्यांमध्ये क्लेअरफोंतेन या फ्रेंच कंपनीच्या पेस्टलमॅटचे नाव हमखास निघते. एका कागदाला एवढे डोक्यावर घेण्यासारखे काय आहे, असा प्रश्न तैलरंगात काम करणाऱ्याला पडला तर त्यात नवल नाही. सिंह, झेब्रा आणि हत्ती या तीन विषयांसाठी तो वापरून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, केसाळ प्राण्यांच्या चित्रात रंगांच्या कंपनीपेक्षा कागदाला अधिक महत्त्व आहे आणि तिथे या कागदावर केलेला खर्च वसूल होतो. हत्ती रंगवायचा असेल तर मात्र मी आजही कॅनव्हासच उभा करेन.

हा कागद ३६० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे वजन ३६० ग्रॅम), म्हणजे जवळजवळ पुठ्ठ्याइतका जाड आहे. त्याच्या एका बाजूवर सेल्युलोजच्या सूक्ष्म तंतूंचा लेप असतो, त्यामुळे हात फिरवला तर तो मऊ लागतो, पण पेस्टल टेकवताच रंग घट्ट धरून ठेवतो. कॅन्सनच्या मी-तँतसारखा नेहमीचा पेस्टल कागद १६० जीएसएमचा असतो आणि त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. ती बाजू निसर्गदृश्याला शोभते, पण प्राण्याच्या नाकाडावरील बारीक केसांमधून जाळी डोकावू लागली की काम फसते. उलटी, गुळगुळीत बाजू घेतली तर काही थरांनंतर कागद भरतो आणि पेन्सिल नुसती घसरते. पेस्टलमॅटवर थरांची ही मर्यादा बरीच पुढे सरकते, आणि त्याचे खरे मोल तिथेच आहे.

सिंहाची आयाळ घेतली तर हे चांगले लक्षात येते. तपकिरी छटेच्या कागदावर आधी मऊ पेस्टलच्या कांडीने गडद तपकिरी आणि काळपट जांभळ्या सावल्या भरून घ्याव्यात, त्यावर पेन्सिलने पिवळ्या मातीचा रंग केसांच्या दिशेने ओढावा आणि सर्वांत शेवटी उन्हात चमकणाऱ्या फिकट बटा काढाव्यात. तैलरंगातही क्रम गडदाकडून उजळाकडेच जातो, परंतु खालचा थर ओला असेल तर वरचा केस त्यात ओढला जाऊन मळतो आणि तो सुकेपर्यंत हात आवरून बसावे लागते. इथे थांबावे लागत नाही. चार-पाच थर चढल्यानंतरही पांढऱ्या पेन्सिलची टोकदार रेघ अंधाऱ्या पार्श्वभूमीवर एका फटक्यात उमटते, त्यामुळे मिशा आधीपासून मोकळ्या राखून ठेवण्याची कसरत वाचते. त्या मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची वेगळी असते आणि संशोधक तिच्यावरून सिंह ओळखतात. म्हणून छायाचित्रावरून चित्र काढताना ते ठिपके अंदाजाने टाकू नयेत, असे मला वाटते.

झेब्र्यासाठी राखाडी छटेचा कागद घ्यावा. झेब्र्याचा पांढरा रंग क्वचितच शुद्ध पांढरा असतो: पोटाखाली त्यात जमिनीचा पिवळसर उजेड मिसळतो, सावलीत तो निळसर होतो, आणि दक्षिण आफ्रिकेतील अनेक झेब्र्यांच्या मागच्या भागावर दोन काळ्या पट्ट्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत फिकट तपकिरी पट्टेही दिसतात. मधली छटा कागदच पुरवत असल्याने फक्त त्याहून गडद आणि त्याहून उजळ तेवढे भरावे लागते. पट्ट्यांच्या कडेला काळे आणि पांढरे केस एकमेकांत शिरलेले असतात. तिथे पट्टीने आखल्यासारखी कड ठेवली तर झेब्रा फलकावरच्या चिन्हासारखा दिसतो.

हत्तीच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. केनियातील त्सावोचे हत्ती तिथल्या लाल मातीने माखून विटकरी दिसतात, तर अंबोसेलीचे राखाडी धुळीने भुरकट. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग यांच्या मिश्रणातून कोमट आणि थंड असे दोन्ही राखाडी तैलरंगात सहज निघतात, आणि कानाच्या मुळाशी किंवा सोंडेवर पडलेल्या सुरकुत्यांसाठी जाड रंग सुरीने थापता येतो. पेस्टलची पूड ती जाडी देऊ शकत नाही. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड शेफर्ड (१९३१–२०१७) आफ्रिकी हत्तींसाठी प्रसिद्ध झाले ते तैलरंगांच्याच बळावर. जाता जाता सांगायचे तर, १९७३ मध्ये त्यांच्या ‘टायगर फायर’ या चित्रातून भारतातील वाघांच्या संरक्षणासाठी १ लाख २७ हजार पौंडांचा निधी उभा राहिला होता.

आता या कागदाच्या मर्यादा. तो महाग आहे, साध्या पेस्टल कागदाच्या तुलनेत तर फारच. तो पेन्सिली झपाट्याने झिजवतो. त्यामुळे पार्श्वभूमी आणि मोठे भाग कांडीने भरून पेन्सिल केवळ तपशिलासाठी राखावी, नाहीतर फाबर-कास्टेल कंपनीच्या पिट या पेस्टल पेन्सिलींच्या साठ रंगांच्या संचातला पांढरा, काळा आणि तपकिरी रंग बाकीच्यांच्या कितीतरी आधी संपेल. रंग घट्ट धरण्याचा गुण चुकलेल्या रेघेलाही लागू होतो आणि खोडरबराने ती पूर्ण निघत नाही, म्हणून मूळ रेखाटन वेगळ्या कागदावर पक्के करून मगच इथे उतरवावे. बोटाने रंग पसरवण्याची सवय असलेल्यांना सुरुवातीला हा कागद हट्टी वाटेल. फोमचा तुकडा त्यापेक्षा बरा चालतो.

रंग धरून राहत असल्याने फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या द्रवाचा, फवारा टाळता येतो, आणि तो टाळलेलाच बरा, कारण त्याने उजळ छटा मंदावतात. पण काचेची फ्रेम टाळता येत नाही. मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात पेस्टलवर बुरशी धरण्याची भीती असते, त्यामुळे चित्र आणि काच यांच्यात माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा पट्टी घालून अंतर ठेवायला फ्रेमवाल्याला बजावून सांगावे आणि चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये. तैलचित्राला ही काचेची कटकट नाही.

पहिल्यांदा घेणाऱ्याने सुटे मोठे ताव न घेता २४ × ३० सेंटिमीटरचे बारा कागदांचे पॅड घ्यावे. चार छटांच्या पॅडमध्ये प्रत्येक छटेचे तीन कागद येतात आणि मध्ये घातलेल्या पातळ, गुळगुळीत कागदामुळे अर्धवट चित्रही न पुसता राहते. सिंह-बिबट्यांचा विचार असेल तर तपकिरी आणि सिएना छटा असलेले पॅड मागावे.