ऑरिफिलचा ५० वेटचा सुती दोरा
मशीन क्विल्टिंगसाठी, म्हणजे गोधडीचे थर मशीनने एकत्र शिवण्यासाठी, ऑरिफिल या इटालियन कंपनीचा ५० वेटचा दोनपदरी सुती दोरा मी निःसंकोच सुचवेन; किंमत चढी आहे, पण बारीक कामाला ती वाजवी वाटते. वेट हे दोऱ्याच्या जाडीचे माप; त्याचा आकडा जितका मोठा, तितका दोरा बारीक. लांब तंतूच्या कापसाचा हा दोरा बॉबिन केसभोवती (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या डबीभोवती) फारसा तंतूंचा कचरा साठू देत नाही, आणि ८०/१२ मापाच्या सुईने दाट वेलबुट्टी घालताना एकाच रेषेवरून शिवण पुन्हा गेली, तरी तिथे फुगवटा येत नाही, हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. टाके उठून दिसायला हवे असतील, तर मात्र याच कंपनीचा २८ वेटचा जाड दोरा ९०/१४ च्या सुईत ओवावा आणि वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करावा.