जाहिराती अडवताना पेमेंट अडू नये म्हणून: तीन पर्यायांची तुलना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा उरकल्यावर काका टेम्पोचे भाडे फोनवरून द्यायला गेले, तेव्हा बँकेच्या ॲपने ‘व्हीपीएन बंद करा’ एवढे सांगून पुढे जाण्यास नकार दिला. व्हीपीएन म्हणजे फोनची इंटरनेटवरची ये-जा एका वेगळ्या वाटेने नेणारी सोय; काकांनी असले काही घेतलेच नव्हते. आठवड्यापूर्वी मीच त्यांच्या फोनवर जाहिराती अडवणारे ॲप टाकले होते आणि वरच्या पट्टीतली, व्हीपीएन चालू असल्याचे दाखवणारी किल्लीची खूण त्याचीच होती. ते बसवताना पेमेंटची ॲप अडू शकतात, अशी सूचना त्याने कोठेही दिली नव्हती.

या प्रकारची ॲप फोनच्या आतच एक व्हीपीएन उभे करून साऱ्या ॲपची ये-जा त्यातून नेतात. माहिती बाहेरच्या सर्व्हरकडे जात नसली, तरी बँकेच्या ॲपला हा फरक कळत नाही. शिवाय अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालत असल्यामुळे कार्यालयाचे व्हीपीएन वापरणाऱ्याला दोहोंपैकी एक सोडावे लागते. काही ॲप आणखी पुढे जाऊन स्वतःचे प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) बसवायला सांगतात, जेणेकरून एचटीटीपीएसची, म्हणजे सांकेतिक रूपात जाणारी वाहतूकही गाळता यावी. परंतु अँड्रॉइड 7 पासून बहुतेक ॲप वापरकर्त्याने बसवलेले प्रमाणपत्र मानत नाहीत आणि मग ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असा दिशाभूल करणारा संदेश येतो. मात्र नेमके एकच ॲप वगळण्याची सोय याच प्रकारात असते, आणि ती मोठी आहे.

दुसरा मार्ग अँड्रॉइड 9 पासून सेटिंगमध्येच असलेल्या खाजगी डीएनएसचा. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा. तेथे जाहिराती गाळणाऱ्या अशा सेवेचे होस्टनाव (तिचे इंटरनेटवरचे नाव) भरले की काम झाले. किल्लीची खूण नाही, त्यामुळे बँकेची ॲप सहसा कुरकुर करीत नाहीत. अडचण आली, तर एका ॲपपुरते ते बंद करता येत नाही, आणि लॉगिनचे पान दाखवणाऱ्या सार्वजनिक वायफायवर तर इंटरनेटच मेल्यासारखे वाटते. यूट्यूबच्या जाहिराती व्हिडिओच्याच डोमेनवरून, म्हणजे त्याच इंटरनेट-नावावरून, येत असल्याने त्या याने जात नाहीत. शोधनिकालांतले ‘प्रायोजित’ दुवेही अनेकदा उघडत नाहीत, पण त्याचे मला तरी दुःख नाही.

तिसरा मार्ग ब्राउझरचा: फक्त ब्राउझरमध्ये, उदाहरणार्थ फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे जोडसाधन किंवा आयफोनवर सफारीचा कंटेंट ब्लॉकर, अडथळा बसवला, तर इतर ॲपना धक्काच लागत नाही. अर्थात त्यांच्यातल्या जाहिरातीही तशाच राहतात.

ज्याचा रोजचा व्यवहार यूपीआयवर चालतो, त्याने ब्राउझरपासून सुरुवात करावी, तेवढ्याने भागले नाही तर खाजगी डीएनएस घ्यावे, आणि व्हीपीएनचा प्रकार बँकेची ॲप आधी वगळण्याची तयारी असेल तरच निवडावा. कोणताही पर्याय बसवल्यावर घरीच एक रुपया पाठवून पाहावा आणि मोबाइल डेटा व वायफाय या दोन्हींवर ते करावे. काकांच्या फोनवर आता खाजगी डीएनएस आहे, आणि ते बंद कसे करायचे हे मी त्यांच्याकडून दोनदा करून घेतले आहे.