रेव्हिटमधलं छप्पर: लेव्हलवर की रेफरन्स प्लेनवर?

इंदुरातल्या एका जुन्या वाड्याचं उतरतं छप्पर रेव्हिटमध्ये (इमारतींचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) काढताना दोन्ही पद्धती वापरल्या. फूटप्रिंट छप्पर, म्हणजे वरून दिसणारी बाह्यरेषा आखून केलेलं, लेव्हलला (मजल्यासारख्या ठरावीक उंचीच्या पातळीला) बांधलेलं. भिंतींवरून कडा घ्या, उतार द्या, बेस ऑफसेट (लेव्हलपासूनचं उंचीचं अंतर) भरा, झालं. साध्या चौकोनी घराला तेवढं पुरतं.

ओसरी मात्र भिंतीला तिरकी होती, शिवाय कौलांचा उतार मध्येच मोडत होता. तिथे एक्सट्रूजनच हवं, म्हणजे छपराचा बाजूचा छेद काढून तो लांबवायचा. आधी रेफरन्स प्लेन (आखणीसाठीचं काल्पनिक प्रतल) आखला आणि त्याला ‘ओसरी’ असं नाव दिलं. बिननावाचा प्लेन वर्क प्लेनच्या (ज्यावर रेखाटन करायचं त्या प्रतलाच्या) यादीत दिसतच नाही. मग त्यावर छेद काढला. पुढे मोजमाप दुरुस्त करताना प्लेन 150 मिमी सरकवला, तर छप्परही निमूट मागोमाग आलं! वाड्याच्या कामाला मी हीच पद्धत धरेन. फक्त उंचीचा ऑफसेट तपासा, तो इथेही लेव्हलवरूनच मोजला जातो.