रागा-जॅझ स्टाईल (1968): कलावती झकास, तोडीचं मात्र काही खरं नाही

शंकर-जयकिशन आणि उस्ताद रईस खान यांची ही एलपी बरीच वर्षं फक्त ऐकून माहीत होती. कोणीतरी म्हणायचं "भारतातली पहिली इंडो-जॅझ रेकॉर्ड", कोणी म्हणायचं "फिल्मवाल्यांचा टाईमपास". शेवटी गेल्या महिन्यात सेकंडहँड मिळाली आणि घेतली. विकणाऱ्याने "एकदम मिंट, नव्यासारखी आहे साहेब" असं छातीठोकपणे सांगितलं होतं, घरी आणून लावली तर दुसऱ्या बाजूला सुई दोनदा उडाली आणि आतलं पाकीट भलत्याच रेकॉर्डचं निघालं. असो. जुन्या रेकॉर्डींच्या धंद्यात मिंट म्हणजे फक्त तुटलेली नाही एवढंच, हे आता पाठ झालंय. त्यामुळे निम्मी रेकॉर्डवर आणि निम्मी स्ट्रीमिंगवर अशी ऐकली, आणि तीन आठवडे तीच ऐकतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. अकरा ट्रॅक, अकरा राग. तोडीने सुरुवात आणि भैरवीने शेवट, मध्ये भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ की मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी. म्हणजे मैफलीचा क्रम थोडाफार पाळलाय, निदान सकाळी सुरू करून भैरवीवर संपवायचं एवढं तरी. पण अकरा राग एका एलपीत म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं. पूर्वी सवाईला रात्रभर बसलेल्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटेल.

वाजवणारी मंडळी मात्र नुसती नावं वाचली तरी भारी वाटतं. सितारवर रईस खान, मेवाती घराण्याचे, हिंदी सिनेमातल्या कित्येक गाण्यांमधली सितार त्यांचीच. सॅक्सवर मनोहारी सिंग. ट्रम्पेट जॉन परेरा, ड्रम्स लेस्ली गुदिन्हो, बास एडी ट्रावास, पियानो लुसिला पाशेको, गिटार अनिबाल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, तबल्यावर रमाकांत, बासरी सुमंत राज. यादीतली आडनावं बघा म्हणजे कळेल मुंबईचा जॅझ कोणाच्या जिवावर चालायचा. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, तीच पोरं मोठी होऊन मुंबईत आली, रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा रेकॉर्डिंग स्टुडिओत सिनेमाची गाणी. शंकर-जयकिशनचे अरेंजर, म्हणजे कुठलं वाद्य कधी काय वाजवणार ते बसवणारे, सेबॅस्टियन डिसोझा पण गोव्याचेच. त्यामुळे या लोकांना जॅझ कुठून आयात करायची गरज नव्हती, तो शेजारच्याच खुर्चीत बसलेला होता.

आता मुद्द्याचं. रेकॉर्ड कशी आहे? अर्धी फार मस्त आहे आणि अर्धी नुसती गोड आहे, आणि हा फरक का पडतो हे मला चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना कळलं.

कलावती घ्या. सा ग प ध आणि कोमल नि. हेच स्वर पियानोवर एकदम दाबा, ब्लूज वाजवणाऱ्याला जो सेव्हन्थचा कॉर्ड लागतो तोच हातात येतो, वर धैवताचा तडका फुकट. म्हणजे कलावती हा राग जन्मतःच जॅझवाल्यांच्या गल्लीतला आहे. त्यामुळे इथे कोणाला काही ओढूनताणून करावं लागत नाही, रईस खान त्यांचं वाजवतात, मनोहारी त्यांचं वाजवतात आणि दोघं एकाच घरात राहतात असं वाटतं. शिवरंजनीचं पण तसंच, सा रे कोमल ग प ध, मायनर सिक्स्थचा कॉर्ड तयारच. मालकंसात रे आणि प नाहीतच, पाचच स्वर, मोकळी मोकळी जागा, सॅक्सला हुंदडायला मैदान. आणि भैरव, जो मला वाटलं होतं की साफ आपटेल, तो चक्क चालतो. कारण भैरवात सा-ग-प आणि कोमल रे-म-कोमल ध असे दोन मेजर कॉर्ड अर्ध्या सुराच्या अंतरावर शेजारी शेजारी बसलेले असतात, बासने एकावरून दुसऱ्यावर नुसतं सरकायचं की झालं, थोडा स्पॅनिश वास येतो पण येऊ दे.

आता तिलक कामोद किंवा जयजयवंती. हे राग स्वरांच्या यादीत मावत नाहीत. तिलक कामोद म्हणजे प नि सा रे ग सा, ते वळण, तो परत सा वर येऊन टेकणं. तेच स्वर शिडीसारखे सरळ चढून गेलात तर राग मागच्या दाराने निघून जातो. जयजयवंतीत दोन गंधार आणि दोन निषाद, कुठला कधी लागायचा यातच सगळी गंमत. सितार हे सगळं सांभाळते, रईस खानांच्या हातून राग सुटण्याचा प्रश्नच नाही, पण बाकीचा वाद्यवृंद उत्तर द्यायला आला की एकदम सिनेमातल्या गाण्याच्या म्युझिक पीससारखं वाटायला लागतं. छान आहे, नीटनेटकं आहे, पण सितार बोलते आणि बाकीचे मान डोलावतात, संवाद नाही होत. मियाँ की मल्हारमध्ये तर पियानोची मला दयाच आली. त्या कोमल गंधारावरचं आंदोलन, म्हणजे स्वराला हळूच झुलवणं, हाच मल्हारचा जीव, आणि पियानोची पट्टी एकदा दाबली की दाबली, ती काय झुलणार!

आणि तोडी. पहिलाच ट्रॅक. मी मोठ्या उत्साहाने बाबांना हाक मारली, "बाबा, या, बघा काय आणलंय." त्यांनी खुर्चीत बसून डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "तोडी आहे होय? मग तिला एवढी कुठली गाडी पकडायची आहे?" यावर मी काय बोलणार. भैरवीपर्यंत बसले मात्र, आणि मध्ये कलावतीला बोटं चालू होती हे मी पाहिलंय, विचारलं तर नाही म्हणतील.

रेकॉर्डिंगबद्दल एक तक्रार. ड्रम्सची झांज चालू असली की तबल्याच्या चाटेवरचे (कडेवरचे) बोल त्या झिणझिणाटात बुडतात, फक्त बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) घुमल्यासारखा ऐकू येतो. हेडफोन लावून ऐकलंत तर तबला सापडतो, फोनच्या स्पीकरवर ना तबला ना बास. आणि एडी ट्रावासचा बास हुकवू नका प्लीज, सगळ्या रेकॉर्डला खालून तोच धरून ठेवतो.

तुलना अर्थातच जो हॅरियट आणि जॉन मेयरच्या इंडो-जॅझ सुईटशी होते. ती लंडनमधली, 1966 ला आलेली, म्हणजे आपल्या आधीची. हॅरियट जमैकाचा सॅक्सवाला, मेयर कोलकात्यात वाढलेला व्हायोलिनवाला, आणि तबल्यावर मुंबईहून तिकडे गेलेले आपले केशव साठे, ज्यांचं नाव इथे किती जणांना माहीत आहे देव जाणे. तिथलं बरचसं मेयरने कागदावर लिहिलेलं, त्यामुळे सितारीच्या जागा कधीकधी परीक्षेला बसल्यासारख्या वाटतात, पण हॅरियटला सोडलं की तो खरंच सुटतो, आणि हे सुटणं शंकर-जयकिशनच्या रेकॉर्डवर कमी आहे. इथले सगळे तीन मिनिटांत गाणं बसवणाऱ्या स्टुडिओतले, घड्याळ त्यांच्या अंगातच आहे. मनोहारी कुठेतरी छान तापायला लागतात आणि ट्रॅक संपतो. खूप चिडचिड होते राव. पण नावातच स्टाईल आहे, जॅझ आहे असं ते म्हणतच नाहीयेत, तेव्हा फसवणूक म्हणता येणार नाही. आणि मजेच्या बाबतीत मुंबईवाली लंडनवालीला मागे टाकते, हे माझं मत, लंडनवाल्यांनी रागवू नये.

घ्यायची का? आधी स्ट्रीमिंगवर कलावती, मालकंस, भैरव आणि शिवरंजनी या क्रमाने ऐका. तोडीने सुरुवात केलीत तर दोन मिनिटांत बंद कराल. आवडली तर मग एलपीच्या मागे लागा, आणि विकणाऱ्यासमोर दोन्ही बाजू लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाचपैकी साडेतीन. कलावती अजून पाच मिनिटं चालला असता तर चार दिले असते.