स्विफ्टला शॉकअप की कॉइलओव्हर? आठ महिने आणि ११,२०० किलोमीटरनंतर

आमची स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१३ ची, पेट्रोल. गेल्या एप्रिलमध्ये ९४ हजार किलोमीटर झाले होते. कोल्हापूरहून रत्नागिरीजवळ पावसला घरी निघालो होतो. आंबा घाट उतरताना आई मागच्या सीटवरून म्हणाली, "सावकाश घे रे, कंबरेत कळ येतीया." वेग जेमतेम चाळीस होता. पुढच्या एका खड्ड्यात गाडी आदळली आणि नंतर दोन-तीनदा झुलली. तेव्हाच ठरवलं की पावसाळ्याआधी सस्पेन्शनचं काम करायचं.

त्याच सुमारास माझ्या मावसभावानंही सस्पेन्शन बदलायला घेतलं. त्याची गाडी हेच मॉडेल, सालही तेच. त्यानं कॉइलओव्हरचं किट घेतलं, मी साधे गॅसचे शॉकअप. दोन्ही गाड्या एकाच महिन्यात तयार झाल्या आणि डिसेंबरमध्ये तीन आठवडे आम्ही गाड्या अदलाबदल करून चालवल्या. त्यामुळे दोन्हींबद्दल अंगावर घेतलेला अनुभव लिहू शकतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दुकानात तिथेच घोळ होतो. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग मुळातच शॉकअपभोवती बसलेली असते. कॉइलओव्हर घेतला की तिथे आटे असलेली बॉडी येते आणि स्प्रिंगची बैठक वरखाली करून गाडीची उंची बदलता येते. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. किटमध्येही मागे ते वेगळेच राहतात, फक्त स्प्रिंगखाली उंची बदलणारी बैठक येते.

मी घेतले ते ट्विन-ट्यूब (नळीत नळी) गॅस प्रकारातले, जपानी बनावटीचे. या प्रकारात गॅब्रिएल, मन्रो, केवायबी ही सगळी नावं मिळतात. चार शॉकअप, पुढचे दोन्ही माऊंट (शॉकअप वर बॉडीला जिथे जोडतो ते रबरी भाग), बेअरिंग, चारही बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की अडवणारे ठोकळे), लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश आणि मजुरी धरून मला २३ हजारांच्या आसपास खर्च आला. स्प्रिंगा मूळच्याच ठेवल्या. माऊंट आणि बंप स्टॉप टाळून चार हजार वाचवू नका. माझ्या जुन्या माऊंटचं रबर हातात घेतल्यावर भाकरीसारखं तुटलं. ते तसंच ठेवलं असतं तर नव्या शॉकअपवरही तोच दणका थेट बॉडीत आला असता.

जुना स्ट्रट उतरवल्यावर मिस्त्रींनी त्याचा रॉड अंगठ्यानं दाबून दाखवला. आतून गुळगुळ आवाज आला, रॉड तळाशी गेला आणि तिथेच बसला. नवा दाबायला तळहाताचा जोर लागला आणि सोडल्यावर तो आपोआप, एकाच संथ चालीनं वर आला. मी बराच वेळ ते दोन्ही आळीपाळीनं दाबत उभा होतो. स्प्रिंग दणका सोसते, पण तिला परत उसळू न देण्याचं काम शॉकअपचं असतं आणि ते काम माझ्या गाडीत बहुधा कधीच थांबलं होतं. बसवण्याआधी त्यांनी प्रत्येक शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडला, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. बसवताना रॉड पकडीनं धरू द्यायचा नाही, हेही लक्षात ठेवा. चकचकीत पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तरी तो सील कापतो आणि तेल गळायला लागतं.

चूक झाली ती बुशच्या बाबतीत. लोअर आर्मचे नट गाडी रॅम्पवर, चाकं हवेत लोंबत असतानाच आवळले गेले. तिथे रबर पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि गाडी खाली आल्यावर कायम ताणात राहतं. ऑगस्टमध्ये, साधारण साडेतीन हजार किलोमीटरनंतर, रिव्हर्स घेताना "कट्" असा आवाज येऊ लागला. बुश फाटला होता. दुसऱ्या गॅरेजमध्ये नवा घातला आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच नट शेवटचे आवळले. तेव्हापासून आवाज नाही. काम करून घेताना समोर उभं राहून हे एवढं बघाच.

आता चालवण्याचं. पहिल्या दिवशी गाडी मला किंचित कडक वाटली, हे खरं सांगतो. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर लक्षात आलं की दणका एकदाच लागतो आणि तिथेच संपतो, मागून झुलणं नाही. मलकापूरच्या पुढे महामार्गाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला रस्ता होता, तिथे पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊनही गाडी एकदाही तळाला आदळली नाही. रात्री समोरचे गाडीवाले डिपर मारायचे, तेही थांबलं, कारण मागचा भाग उसळला की हेडलाइटचा झोत वरखाली होत होता. आणि साखरप्यात चहाला थांबलो तेव्हा आई स्वतःहून दार उघडून उतरली. माझ्यासाठी तेवढ्यात पैसे वसूल झाले.

मावसभावाच्या गाडीबद्दल बोलताना तिच्यावर अन्याय करायचा नाही. पन्हाळ्याच्या चढावर, गुळगुळीत डांबरावर, पहाटे ती गाडी चालवणं म्हणजे सुख आहे. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, बॉडी कलत नाही, ब्रेक मारला की पुढे लवत नाही. डॅम्पिंगची, म्हणजे स्प्रिंगची उसळी रोखण्याच्या जोराची, कळ फिरवून कडकपणा बदलता येतो आणि दोन टिचक्यांचा फरकही जाणवतो. माझी गाडी हे करू शकत नाही.

पण त्यानं गाडी ३५ मिमी खाली घेतली होती आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथे आहे. मूळ ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. त्यातले ३५ गेले की फक्त तळाचा चेंबर रस्त्याजवळ येतो असं नाही. चाकाला वर जायला जी जागा होती तीही कमी होते. लहान गाडीत ही जागा मुळात कमी, त्यात पाच माणसं बसली की आणखी कमी. मग खड्ड्यात बंप स्टॉप लागतो आणि तो लागला की सस्पेन्शन संपलं, पुढचं सगळं पाठीच्या कण्यात. म्हणून किटवाले स्प्रिंग कडक देतात. त्याच्या पुढच्या स्प्रिंगा ५ किलो प्रति मिमीच्या आहेत. उरलेल्या जागेत गाडी आदळू नये म्हणून तो कडकपणा लागतो आणि तो रोज, प्रत्येक खड्ड्यावर सोसावा लागतो. नियमात बसणारा गतिरोधक १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून त्याची गाडी आरामात जाते. गावातले अरुंद, उभे गतिरोधक मात्र त्याला तिरके घ्यावे लागतात, तरी कधीतरी घासतंच.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट दिसली. कॉइलओव्हरच्या आट्यांमध्ये घाटातला लाल चिखल बसतो. दिवाळीत उंची वाढवायला घेतली तर पुढच्या डाव्या बाजूची रिंग हलेना. तारेचा ब्रश, पाण्याचा फवारा, अडकलेले आटे सोडवणारं तेल असं करत पूर्ण सकाळ गेली. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गाडी उभी राहत असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी आटे साफ करून तेल मारणं भागच आहे. शिवाय उंची बदलली की दर वेळी अलाइनमेंट. त्याचा एकूण खर्च ९० हजारांच्या वर गेला आहे.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. मूळ मापाचे शॉकअप म्हणजे झिजलेल्या सुट्या भागाची बदली. गाडी खाली घेणं ही वेगळी गोष्ट आहे आणि विमा कंपनीला ती आधी कळवलेली बरी.

गाडी एकट्यानं, चांगल्या रस्त्यावर, हौसेनं चालवायची असेल आणि देखभालीला हात काळे करायची तयारी असेल तर कॉइलओव्हर जरूर घ्या, पण पहिलं वर्ष उंची मूळच्या जवळपासच ठेवा. घरची माणसं, सामान आणि घाट असेल तर शॉकअपच. मोनोट्यूब (एकाच नळीचे) प्रकारचे मिळाले आणि परवडले तर ते लांब घाटात तापून कमी ढिले पडतात, कारण त्यात तेल आणि गॅस वेगळे राहतात आणि तेलाला फेस येत नाही. माझ्या वापरात अजून तरी त्यांची गरज भासली नाही.

मावसभावानं जानेवारीत गाडी २० मिमी वर घेतली. परवा ती घेऊन आम्ही दोघं पावसला गेलो. आई पुढच्या सीटवर होती, आंबा घाटापासून साखरप्यापर्यंत झोपली.