कामगंध सापळा की ट्रायकोकार्ड?

पुणे जिल्ह्यात कापूस थोडाच, म्हणून गुलाबी बोंडअळीकडे काणाडोळा नको. लागवडीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावावेत. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले की फवारणीची वेळ झाली. पण अडकतात फक्त नर. २ सापळ्यांनी अळी हटत नाही, नुसती खबर मिळते. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, जुना झाला की तीही नाही.

ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकीटक असलेलं कार्ड, थेट बोंडअळीच्या अंड्यांवर चालतं. त्यातून निघालेल्या चिमुकल्या गांधीलमाश्या बोंडअळीच्या अंड्यात अंडी घालतात. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानाखाली टाचाव्यात. नंतर लगेच कीटकनाशक मारलं तर पैसे पाण्यात. अळी बोंडात शिरल्यावर कार्ड कुचकामीच. म्हणून डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुलं) दिसण्याआधी कार्ड, सापळे मात्र शेवटच्या वेचणीपर्यंत.