पार्कर ५१ एरोमेट्रिक: ऑनलाइन घेतलेलं जुनं पेन, सात महिन्यांच्या वापरानंतर

'लिहीत नाही, दुरुस्ती लागेल' अशा जाहिरातीतलं पार्कर ५१ बिचकून सोडू नका. बहुतेक वेळा आत शाई वाळून बसलेली असते, बस्स. मात्र पैसे देण्याआधी तीन फोटो मागवा: निबचं टोक अगदी जवळून, हूडची, म्हणजे निब झाकणाऱ्या पुढच्या प्लास्टिक आवरणाची, कड, आणि मागची बॅरल काढून आतली धातूची नळी. टोकावरचा दाणा एका बाजूने घासलेला असेल किंवा हूडला चीर असेल, तर फुकटही नको.

१९४८ पासूनच्या एरोमेट्रिकमध्ये, म्हणजे पिशवी दाबून शाई भरायच्या प्रकारात, शाईची पिशवी रबराची नाही, पारदर्शक प्लास्टिकची आहे. त्यामुळे इतक्या वर्षांनीही ती बहुधा मऊच निघते. तिच्यावरचं धातूचं आवरण उगाच ओढून काढू नका, चांगली पिशवी फाटते ती तिथेच.

आधी नुसतं गार पाणी. निब रात्रभर पाण्यात, सकाळी त्या आवरणावरची दाबायची पट्टी वीस-तीस वेळा दाबायची. दोन-तीन दिवस निळं पाणी येतच राहतं. कलेक्टरच्या, म्हणजे हूडच्या आत जादा शाई झेलणाऱ्या भागाच्या, केसासारख्या खाचांतून शाई हळूहळूच सुटते. शेवटची धुलाई बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याने करा. बोअरचं जड पाणी त्याच खाचांत क्षार सोडून वाळतं आणि केलेली मेहनत वाया जाते.

एवढ्यानेही शाई तुटक येत असेल तरच हूड उघडायचं. ते आट्यांवर बसतं आणि सांधा लाखेसारख्या पदार्थाने बंद केलेला असतो. हेअर ड्रायरने वीस-तीस सेकंद, फिरवत फिरवत गरम करा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हाताने पिळा. नाही फिरलं तर पुन्हा गरम करा, जोर वाढवू नका. पक्कड नको, उकळतं पाणी नको. स्पिरिटने पुसायचं तर मुळीच नाही, त्या अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. परत बसवताना निबचं टोक हूडच्या चोचीच्या बरोबर मध्यावर आणा आणि फक्त आट्यांवर सुताराच्या चपडा लाखेचा पातळ हात द्या. तो चुकला की दोन पानांत बोटं निळी.

रोजच्या वापरात हे पेन फार समाधान देतं. निब झाकलेली असल्याने मध्येच थांबून विचार केला तरी पुढचं अक्षर कोरडं उमटत नाही. साधी रॉयल ब्लू शाईच भरा, पिगमेंटची नको. पावसाळ्यात दमट झेरॉक्स कागदावर शाई फुटते, तो दोष कागदाचा. टोपीची पकड मात्र ढिली झाली आहे. टोपीतला क्लच, म्हणजे पेन धरून ठेवणारी स्प्रिंग, झिजला की असंच होतं, म्हणून ती घेतानाच तपासा.

मुंबईहून नाशिकला परतताना एक जपा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे कसाऱ्याचा घाट चढून येईपर्यंत हवेचा दाब साधारण ७ टक्के उतरलेला असतो. अर्ध्या भरलेल्या पिशवीतली हवा फुगून अर्धा थेंब शाई पुढे ढकलते. कलेक्टर स्वच्छ असेल तर तो ती झेलतो, घाण असेल तर ती टोपीत उतरते. पेन पूर्ण भरून, निब वर ठेवून खिशाला लावा.